कॉलेज रोडवरचं किशोरवयीन मुलांचं समुपदेशन केंद्र: आमचा दोन महिन्यांचा अनुभव

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे. चुकीचं गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावलं तर रिजेक्ट जॉबसुद्धा पास होतो, हे रोज बघतो. मुलाच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

तो दहावीत आहे. शाळेत सगळ्या वर्गाकडून शरीराबद्दलची 34 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. याचा शेरा आला, ‘काळजीचं कारण नाही’. इकडे घरात हा उन्हाळ्यातही शर्टाच्या आत दोन टी-शर्ट घालत होता, पोहायला जाणं बंद झालं होतं आणि कपाटात प्रोटीन पावडरचा डबा सापडला होता.

केंद्रातल्या मॅडमनी तो कागद वाचून विचारलं, “यात बारीक असण्याच्या दुःखाचा एक तरी प्रश्न आहे का?” नव्हता. ती बॉडी शेप क्वेश्चनेअर, 1987 सालची, मुळात बायकांसाठी केलेली आणि ‘मी जाड दिसते’ या भीतीभोवती रचलेली. अंगावर मांस नाही म्हणून झुरणारा मुलगा तिथे जवळजवळ सगळीकडे ‘कधीच नाही’ म्हणणार.

मग त्यांनी बारीक ते लठ्ठ अशी नऊ चित्रं ठेवली. आत्ता कोणतं आणि हवं कोणतं, यातलं अंतर मोजायचं. यानं तिसरं आणि पाचवं दाखवलं, वर म्हणाला, “पण पाचव्याला पोट आहे, मला दंड हवेत.” तेव्हा त्यांनी ड्राइव्ह फॉर मस्क्युलॅरिटी स्केल काढली. ही 2000 सालची, 15 विधानांची, प्रत्येकाला ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सहा पर्याय. दंड-छाती भरावी असं किती वाटतं हे ती विचारतेच, पण व्यायाम चुकला तर अपराधी वाटतं का, पावडरी घेतो का, हेही विचारते. एकूण बेरजेपेक्षा पेन कुठे अडखळलं त्यावर मॅडम जास्त बोलल्या, हे मला फार पटलं.

प्रश्न भरताना मला बाहेर बसवलं. सुरुवातीला राग आला होता. आता वाटतं, मी शेजारी असतो तर त्यानं एकही खरी खूण केली नसती.

उणीव म्हणाल तर मराठी भाषांतर. ‘स्नायुयुक्ततेची आकांक्षा’ हे कुठल्या पोराला कळणार? मॅडमना प्रत्येक वाक्य बोलीत सांगावं लागलं. ते तातडीनं सुधारायला हवं. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, एकदा पाऊण तास थांबलो. फी आठशे रुपये, पण तासभर पूर्ण देतात.

मुलाचा त्या स्केलवरचा आकडा दुसऱ्या वेळी थोडा उतरला. पावडर त्यानं आपणहून बंद केली. पोहायला अजून जात नाही.

गेल्या भेटीत मॅडमनी मलाही काम दिलं. घरात कुणाच्याही शरीरावर कुणी काही बोललं की वहीत लिहायचं, ‘काडीपहिलवान’सुद्धा. आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात माझ्या.