हवा काढायची सोडून मास्टर सिलिंडरचं बिल माथी मारलं

मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून गळायला लागली होती. ती गॅरेजमध्ये बदलून घेतली आणि गाडी ताब्यात आली तेव्हा ब्रेकचं पेडल मऊ. पाय ठेवला की अर्ध्यापर्यंत नुसतंच खाली जायचं, दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येऊन कडक व्हायचं. हे सगळं गॅरेजवाल्याला तसंच्या तसं सांगितलं. "ताई, मास्टर सिलिंडर गेलाय. नळीचा त्याच्याशी काही संबंध नाही," असं ठामपणे सांगून त्याने तो (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पार्ट) बदलल्याचं बिल लावलं. पेडल जैसे थे. मग म्हणाला, आता बूस्टर बदलावा लागेल.

हे ऐकून मात्र खात्री पटली की हा थापा मारतोय. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा पार्ट, निकामी झाला तर पेडल मऊ पडत नाही, उलट कडक होतं आणि ब्रेक लागायला पायाचा सगळा जोर लावावा लागतो.

तशा ब्रेकवर गाडी चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून टो करून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी मागची चाकं काढली आणि मला जवळ बोलावलं. ब्लीडर निपलवरची (ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीवरची) रबरी टोपी वाळलेल्या चिखलाने माखलेली होती. टोपी काढली, तर आत निपल गंजाने जाम झालेलं, पाना लागल्याची एकही खूण नाही. म्हणजे जी नळी उघडली, तिच्याच चाकाच्या ब्रेकमध्ये शिरलेली हवा कोणी काढली नव्हती! नंतर बॉनेट उघडलं. 'नवा' मास्टर सिलिंडर काळ्या रंगाने चकचकीत होता, पण तोच रंग नळीच्या नटांवर आणि सांध्यांवर सलग पसरलेला. नट फिरवला असता तर रंगाला तडा गेला असता. जुन्यालाच स्प्रे मारून नवा म्हणून दाखवला होता. जुना पार्ट मागितला तेव्हा "तो कंपनीला परत जातो" हे उत्तर का मिळालं, ते तेव्हा कळलं.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचं, आवळायचं, मगच पाय उचलायचा. नळीतून बुडबुड्यांची रांग लागली. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर त्या हवेतच जिरत होता. बुडबुडे थांबले आणि पेडल वरच कडक लागलं. एकही पार्ट बदलावा लागला नाही.

नळीचं काम झाल्यावर पेडल मऊ लागलं, तर पार्टला होकार देण्याआधी गाडी उभी असताना पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा संशय रास्त आहे. पंप केल्यावर कडक होत असेल, तर बहुधा हवाच असते. ड्रम ब्रेक असेल तर शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) सैल असू शकतात. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) काढून बसवले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे ना, तेही पाहा. डावा-उजवा उलटा बसला की निपल खाली जातं आणि कितीही ब्लीड केलं, म्हणजे हवा काढली, तरी वरची हवा आतच राहते. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांमध्ये त्या युनिटमध्ये हवा अडकते आणि ती काढायला स्कॅनरने पंप चालवावा लागतो. ते केल्याशिवाय युनिट बदलायला होकार देऊ नका.

चाकातून काढलेलं ऑइल पुन्हा ब्रेक ऑइलच्या टाकीत ओतू देऊ नका. ते ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरला की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. मग लांब घाट उतरताना ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल पुन्हा मऊ पडतं, तेही नेमकं उतारावर.

रंगाचे फोटो, दोन्ही बिलं आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं जोडून मी तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण पाठपुरावा सोडणार नाही. तुम्ही मात्र काम सुरू होण्याआधीच बजावून सांगा की काढलेला पार्ट हातात मिळाल्याशिवाय बिल भरणार नाही, आणि चारही चाकांचं ब्लीडिंग तुमच्यासमोर करून घ्या.