लोकलटाइम की लोकलटाइम_आर?

लिनक्सवर सी भाषेत लिहिताना सेकंदांवरून स्थानिक तारीख-वेळ काढायला ही दोन्ही फंक्शन्स चालतात. फरक आहे तो उत्तर कुठे ठेवलं जातं याचा. लोकलटाइम लायब्ररीच्या स्टॅटिक, म्हणजे एकच आणि कायमच्या, जागेचा पॉइंटर (पत्ता) परत करतं. लोकलटाइम_आर तुम्ही दिलेल्या स्ट्रक्ट टीएममध्ये (तारीख-वेळेचे भाग ठेवायच्या रचनेत) लिहितं.

एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा धागा) आहे आणि पॉइंटर मिळताच पुढच्या ओळीत, वेळेचा मजकूर बनवणाऱ्या स्ट्रएफटाइमला देऊन विषय संपतो, तर साधं लोकलटाइम पुरतं.

माझं मत फिरलं ते एकाच गोष्टीने: ग्लिबसीत (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ती जागा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, देणाऱ्या जीएमटाइमचीही असते. भारतात सकाळचे १०:०० वाजलेत असं धरा. आधी लोकलटाइम, मग जीएमटाइम बोलावलं आणि दोन्ही पॉइंटरमधली वेळ छापली, तर दोन्हीकडे ४:३०. साडेपाच तासांचा फरक गायब! क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. मेमरी वैधच असल्यामुळे मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंडही गप्प. त्यात टेस्टचं मशीन यूटीसीवर असेल तर दोन्ही वेळा मुळातच सारख्या, म्हणजे चूक थेट ग्राहकाकडेच उघड होते. सुरुवातीची आणि शेवटची वेळ असे दोन पॉइंटर जपून ठेवले तरी हेच: दोन्ही शेवटचीच वेळ सांगतात.

‘मग लगेच कॉपी करून घेऊ’ हा उपाय एका थ्रेडपुरता बरा. ग्लिबसी आत लॉक घेतं (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडतं), पण फंक्शन परतताच ते सुटतं. तुमची कॉपी होण्याआधी दुसरा थ्रेड तिथे लिहू शकतो.

_आरचेही काटे आहेत. पॉसिक्स या युनिक्स-प्रकारच्या सिस्टिमच्या प्रमाणानुसार त्याने टाइमझोन ठरवणारं टीझेडसेट बोलावलंच पाहिजे असं नाही, म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला ते एकदा स्वतः बोलवा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं लोकलटाइम_एस वापरावं लागतं आणि त्यात आर्ग्युमेंटचा क्रम उलटा: आधी स्ट्रक्ट, मग वेळ. तिथे साधं लोकलटाइम प्रत्येक थ्रेडला वेगळी जागा देतं, पण एकाच थ्रेडमधला वरचा घोटाळा तसाच राहतो.

सी भाषेच्या सी२३ या प्रमाणाने _आर आपल्यातच घेतलंय, तेव्हा नव्या कोडसाठी मी तरी तेच सुचवेन. जुन्या कोडमध्ये सगळं एकदम बदलायची गरज नसावी. लोकलटाइमचा पॉइंटर जिथे व्हेरिएबलमध्ये साठवलाय, त्या जागा आधी धरा.