ब्रेकचा लाल दिवा आणि कोलशेत रस्त्यावरचे गॅरेज

आमची पेट्रोल गाडी 2009 सालची आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने गायमुखचा उतार उतरताना तिच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर क्षणभर लागत असे आणि गाडी सरळ झाली की विझत असे. घराजवळच्या एका सर्व्हिस सेंटरने ब्रेक ऑइल भरून गाडी परत दिली, पण तीन आठवड्यांत दिवा पुन्हा दिसू लागला आणि मग कायमचाच लागून राहिला. तेव्हा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी कोलशेत रस्त्यावरच्या दोन गाळ्यांच्या एका गॅरेजमध्ये गेलो.

हँडब्रेक ओढलेला असला तरी हाच दिवा लागतो, म्हणून तेथील मिस्त्रींनी प्रथम हँडब्रेकच्या स्विचची वायर काढून पाहिली. दिवा तसाच राहिल्यावर त्यांनी ऑइलची टाकी पाहिली. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती, तरीही त्यांनी लगेच ऑइल भरले नाही, आणि याच गोष्टीसाठी मी हे गॅरेज सुचवतो. ब्रेकचे पॅड (चाकाच्या चकतीवर घासणारे तुकडे) झिजले की कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते, म्हणून गळती नसतानाही टाकीतली पातळी उतरते. पण ती काही महिन्यांत, तीन आठवड्यांत नव्हे, असे सांगून त्यांनी चारही चाके उघडली. पुढचे पॅड संपत आलेले होतेच, शिवाय मागच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) पाझरत होता आणि त्या बाजूचे लायनर (ब्रेकच्या ड्रमला घासणारे अस्तर) ऑइलने भिजले होते. नुसते ऑइल भरत राहिलो असतो तर ही गळती आणखी किती दिवस झाकली गेली असती, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

पॅड, दोन्ही मागच्या चाकांचे लायनर व सिलिंडर बदलून, डॉट 4 प्रतीचे ब्रेक ऑइल भरून आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. जुने सुटे भाग त्यांनी न मागता दाखवले. खर्चाचा अंदाज मात्र तोंडीच दिला आणि बिल मागितल्यावरच मिळाले. ही पद्धत त्यांनी सुधारायला हवी. हँडब्रेकही सैल राहिला होता, तो घट्ट करून घेण्यासाठी मला पुन्हा जावे लागले.

गाडी देताना मिस्त्रींनी टाकीवर पेनाने पातळीची रेघ ओढली आणि पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितले. पंधराव्या दिवशी ऑइल त्याच रेघेवर होते.