अडीच किलोची रेघ आणि इंटरग्रोथ-२१ चा मोफत तक्ता

मे महिन्यातल्या एका रात्री आमच्या लेबर रूममध्ये दीड तासात दोन बाळं झाली. पहिलं २ किलो ४०० ग्रॅम, दुसरं बरोबर २ किलो ५००. दोन्ही मुलगे. रजिस्टरमध्ये पहिल्यासमोर मी 'कमी वजन' लिहिलं. दुसऱ्यासमोर काहीच लिहिलं नाही, कारण अडीचच्या खाली गेलं तरच कमी धरायचं, हे आम्हाला शिकताना पाठ झालेलं.

पहिलं बाळ ३६ आठवड्यांचं होतं. अर्ध्या तासात छातीला लागलं आणि झोपलं. दुसरं पूर्ण ४० आठवड्यांचं. त्याच्या मांड्यांची कातडी सैल, हातापायांची सालं निघालेली, नखं बोटांच्या पुढे आलेली, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं दिसत होतं. मी ते पाहिलं होतं. त्याची आजी म्हणाली, "आमच्या घरात सारेच लेकरं असे बारीक असतात जी." मीही मान हलवली. पहाटे चार वाजता आई हाक मारत आली, "सिस्टर, हा पाजायला उठतच नाही." टाचेतून थेंब काढला तर साखर २८, फारच कमी. बाळाला जिल्ह्याच्या नवजात कक्षात पाठवलं, पाचव्या दिवशी ते बरं होऊन घरी गेलं. पण त्या रात्री चार तास ते माझ्यासमोर होतं आणि मी त्याला 'नॉर्मल' समजत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी एका प्रशिक्षणात बालरोगतज्ज्ञ मॅडमनी इंटरग्रोथ-२१ चा तक्ता दाखवला. बाळ किती आठवड्यांचं आहे ते धरून त्याचं वजन पुरेसं आहे का, ते त्यावर बघता येतं. घरी येऊन मी पहिल्यांदा त्या दोन बाळांची वजनं त्यात टाकली. ३६ आठवड्यांचं २ किलो ४०० चं बाळ दहाव्या रेघेच्या बरंच वर, आपल्या वयाला शोभेल असं. ४० आठवड्यांचं अडीच किलोचं बाळ दहाव्या रेघेच्या खाली. आमच्या रजिस्टरच्या नेमकं उलटं. तेव्हापासून गेली चार वर्षं मी हा तक्ता रोज वापरते. हा अभिप्राय त्याबद्दलच, माझ्यासारख्या लेबर रूममध्ये काम करणाऱ्या बहिणींसाठी, आणि ज्यांच्या घरी लहान चणीचं बाळ आलंय त्यांच्यासाठीही.

'दहावी रेघ' म्हणजे काय ते आधी सांगते. एकाच आठवड्याला जन्मलेली शंभर निरोगी बाळं वजनाप्रमाणे ओळीत उभी केली, तर खालून दहाव्या बाळाच्या जागी ही रेघ येते. तक्त्यावर ३, १०, ५०, ९० आणि ९७ अशा रेघा आहेत. मुलगा-मुलीचे तक्ते वेगळे. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर, तिन्ही तपासता येतात. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर भरायचं असेल तर आठवडे आणि दिवस टाकायचे, मापं टाकायची, की आकडा समोर. पैसे लागत नाहीत. ३३ आठवड्यांपासून पुढच्या बाळांसाठी एक तक्ता, त्याहून आधी आलेल्यांसाठी दुसरा.

हे काम ऑक्सफर्ड विद्यापीठातून उभं राहिलं. डॉ. होसे व्हिलार, डॉ. स्टीफन केनेडी, डॉ. आरिस पापाजॉर्जिओ ही त्यातली मोठी नावं. पण माझ्या काळजाला भिडलं ते वेगळंच. ज्या आठ ठिकाणच्या आया-बाळांवरून हे तक्ते बनले, त्यात ब्राझीलचं पेलोटास आहे, इटलीचं तुरीन आहे, केनियाचं नैरोबी आहे, आणि आपलं नागपूर आहे! केतकर रुग्णालयात डॉ. मनोरमा पुरवार यांच्या देखरेखीखाली ते काम झालं. आमच्या गावाहून जिथे एसटीने जातो, तिथल्या बायांची पोटं आणि तिथली बाळं या रेघांमध्ये आहेत. "हे गोऱ्या लोकांचं माप आहे, आपल्याला काय लागू" असं कुणी म्हटलं की मी आता गप्प बसत नाही.

२००९ ते २०१४ या काळात हे काम चाललं आणि २०१४ मध्ये तक्ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एकूण ५९,१३७ गरोदरपणं पाहिली. त्यातल्या ज्या आया निरोगी होत्या, पोटभर जेवणाऱ्या होत्या, ज्यांची तारीख सुरुवातीच्या सोनोग्राफीने पक्की होती, अशा २०,४८६ जणींच्या बाळांवरून जन्माच्या वेळचं माप ठरवलं. पोटातल्या बाळाची वाढ मोजायला वेगळ्या गटातल्या बायांची दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी केली, आणि मोजणाऱ्याला यंत्राच्या पडद्यावर आकडाच दिसत नव्हता. प्रत्येक माप तीन वेळा घ्यायचं, तेही न बघता. आपण मनात एक आकडा धरून टेप लावतो ना, तो आकडा तिथे शिरूच दिला नाही. बाळाची लांबी आणि डोकंसुद्धा दोघींनी वेगवेगळं मोजायचं, जुळलं नाही तर पुन्हा. हे वाचल्यापासून मी आणि माझी जोडीदार सिस्टर डोक्याचा घेर दोघी घेतो. भुवयांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. कापडी टेप केव्हाच टाकून दिली, ती ताणली जाते.

निष्कर्ष काय निघाला? आई निरोगी असेल, तिला नीट खायला मिळालं असेल, तर पोटातल्या बाळाची लांबी आणि डोकं सगळीकडे जवळजवळ सारखंच वाढतं. ठिकाणामुळे पडणारा फरक एकूण फरकाच्या ४ टक्क्यांच्याही आत. म्हणजे 'आमच्याकडे लेकरं अशीच' हे उत्तर पुरत नाही. त्या आजीला मी तेव्हा हे सांगू शकले असते तर बरं झालं असतं.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, तारीख. तक्ता आठवड्यांवर चालतो, आणि आमच्याकडे येणारी बाई सांगते, "पोळ्याच्या आसपास पाळी आली होती." पोळ्याच्या आधी की नंतर? "गौरी बसायच्या होत्या बहुतेक." यात दोन आठवडे सहज इकडचे तिकडे होतात, आणि दोन आठवड्यांत तेच बाळ दहाव्या रेघेच्या वरून खाली येतं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी नसेल तर मी तक्त्यावर पेन्सिलने खूण करते, पेनाने नाही. म्हणून आशाताईंना माझं सारखं सांगणं असतं, पाळी चुकली की लगेच नाव नोंदवून घ्या.

दुसरी, आईची उंची. ज्यांच्यावरून पोटातल्या वाढीचं माप ठरलं त्या आया १५३ सेंटीमीटर किंवा जास्त उंचीच्या होत्या. आमच्या वॉर्डात १४५ ची बाई रोजची. तिचं बाळ तक्त्यावर लहान दिसतं, ते अडचणीत आहे म्हणून की आई लहानखुरी आहे म्हणून, हे तक्ता सांगत नाही. आईची उंची-वजन धरून वेगळी रेघ काढणारी पद्धतही आहे, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ती बनली. मला मात्र ती पटत नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायांची उंची लहानपणच्या उपासमारीने खुंटलेली आहे. तिच्या बाळालाही त्याच मापात बसवून 'ठीक आहे' म्हणायचं, हे मला जमणार नाही. रेघेखालच्या बाळाच्या टाचेला साखरेसाठी एक टोचणी जास्त पडली तरी चालेल. अर्थात त्यामुळे ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महिना संपायच्या आत संपू लागल्या आणि मागणी वाढवून घ्यायला आम्हाला बराच पाठपुरावा करावा लागला. तक्ता फुकट असला तरी त्यामागचं काम फुकट नाही.

तिसरी, वजनात काय भरलंय ते कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्पटनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली. रेघेच्या वर आलेल्या बाळाचे दंड आणि मांड्या हाताने चाचपून बघणं त्यामुळे सुटत नाही.

भाषेचंही आहे. मी वापरते तो तक्ता इंग्रजीत आहे. आमच्या नव्या मुलींना 'सेंटाइल', म्हणजे या रेघा, समजवायला मी अंगणवाडीतला वाढीचा तक्ता पुढे करते. तो जागतिक आरोग्य संघटनेचा, त्याच विचाराने बनलेला, आणि त्यात दिल्लीची मुलं होती. तो बहुतेकींना माहेरच्या गावापासून ओळखीचा असतो.

लवकर जन्मलेल्या बाळांच्या पुढच्या वाढीचा तक्ताही यातच मिळतो, गरोदरपणाचे आठवडे धरून ६४ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर सहा महिने. आमच्याकडे अशी बाळं फार दिवस ठेवत नाहीत, मोठ्या रुग्णालयात पाठवतात, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा मराठीसाठी राखून ठेवलाय.

लावायचा असेल तर मोठ्या कागदावर छापून लॅमिनेट करा आणि वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर लावा, डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली नको. बाळ काट्यावर असतानाच मान वर केली की दिसला पाहिजे. मुलाचा डावीकडे, मुलीचा उजवीकडे, आणि दोन्हींवर दहावी रेघ लाल मार्करने जाड करून घ्या. रात्री तीन वाजता तेवढीच दिसते.