पिकअपला जादा उजेड हवाय: लांब एलईडी बार, छोटी जोडी की फॉग लॅम्प?

ओतूर-आळेफाट्याकडे भाजी भरायची, रात्रीच माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं. अशा फेऱ्या करणाऱ्या पिकअपवाल्यांची तक्रार एकच असते: कंपनीच्या हॅलोजन दिव्यांचा उजेड पुरत नाही. मग टपावर लांबलचक एलईडी बार लावलेली एखादी गाडी दिसते आणि आपल्यालाही तोच घ्यावासा वाटतो.

माझं मत आधीच सांगतो. बजेट दोन-तीन हजारांचं असेल आणि गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालत असेल, तर लांब बार घेऊ नका. तेच पैसे बंपरला खाली लावलेल्या दिव्यांच्या जोडीवर आणि जाड वायरिंगवर घाला.

त्याआधी हेडलाइट तपासा

बऱ्याच पिकअपना एच-४ चा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब वाईट नाही, पण व्होल्टेज घसरलं की लगेच मंदावतो. साधारण दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर मीटर लावून बघा. दोन्हींत एक-दीड व्होल्टचा फरक निघाला, तर खोट बल्बमध्ये नाही, वायरिंगमध्ये आहे. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेली वेगळी वायरिंग टाकली की तोच बल्ब डोळ्यांत भरेल इतका फरक दाखवतो.

दुसरी गोष्ट झोताच्या उंचीची. हौद्यात क्रेट भरले की गाडी मागून बसते आणि तोंड वर करते. झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो, समोरचा वैतागतो आणि आपल्याला पुढचा खड्डा दिसत नाही. भरलेली गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून फोकस खाली घ्या. लेव्हलचं बटण असेल तर ते वापरा. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या किंवा बदला. एवढं केल्यावर अनेकांना जादा दिव्याची गरजच उरत नाही.

खोक्यावरचे वॅट

स्वस्त बारवर १२० वॅट लिहिलेलं असतं ते बहुधा साध्या गुणाकारातून आलेलं असतं: ४० एलईडी, प्रत्येकी ३ वॅट. एलईडी ३ वॅटची असली तरी तिला तेवढा करंट दिला जातोच असं नाही, कारण दिला तर उष्णता सांभाळायला जाड ॲल्युमिनियमची बॉडी लागते आणि ती महाग पडते. दुकानात क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर लगेच खरं-खोटं होतं. १२ व्होल्टला १२० वॅट म्हणजे १० अँपिअर. मीटरवर ४-५ दिसले तर तो ५०-६० वॅटचा बार आहे. तसा घ्यायला हरकत नाही, पण पैसेही ५०-६० वॅटचेच द्या. लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्याचंही तसंच. एलईडीच्या कागदावरचे लुमेन आणि काच, रिफ्लेक्टर, उष्णता यांतून रस्त्यावर पोचणारे लुमेन यांत मोठी तफावत असते.

लांब बार

२०-२२ इंची, दोन ओळींचा, बिनब्रँडचा बार साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. मध्ये लांब फेकणारे स्पॉट, कडेला पसरणारे फ्लड, अशी त्याची रचना असते. शिवारात रात्री ऊस भरायचा असेल, खाणीच्या किंवा कालव्याच्या कामावर गाडी न्यायची असेल, तर या पैशांत याच्याइतका उजेड दुसरं काही देत नाही. तिथे तो बिनधास्त घ्यावा.

रस्त्यावर मात्र त्याचा दोष रचनेतच आहे. हेडलाइटच्या डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला, वरून कापलेली कड असते, तिच्या वर उजेड जात नाही. बारला अशी कड नसते. म्हणजे समोरून वाहन आलं की तो बंद करायलाच हवा. कल्याण-नगर मार्गावर बाजाराच्या रात्री समोरून गाड्या सतत येत असतात, त्यामुळे बार दर मिनिटाला चालू-बंद होत राहणार. बंद केल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंतचे काही क्षण तर जास्तच धोक्याचे.

टपावर लावल्यास आणखी एक अडचण येते. उजेड बॉनेटवर पडून काचेतून डोळ्यांत येतो, आणि धुक्यात किंवा दाट पावसात तो थेंबांवर आपटून सरळ आपल्याकडेच परततो. दिवा नजरेच्या जितका जवळ, तितकी समोर पांढरी भिंत दाट.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०६ व्या नियमाप्रमाणे समोरच्या दिव्याचा झोत खाली झुकलेला किंवा ड्रायव्हरला झुकवता येणारा हवा. ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. १११ वा नियम स्पॉट लाइट आणि सर्च लाइटला नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय मनाई करतो. व्यावसायिक पिकअपला पासिंगला जावं लागतं, तिथे टपावरचा बार लपत नाही. दंडाची रक्कम मोठी नसेलही, पण समोरच्या मोटारसायकलवाल्याला दोन सेकंद काहीच दिसलं नाही तर काय होईल, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला माहीत असतं.

बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर) बार बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुलबार बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलेलं आहे.

छोटी जोडी

चार-सहा एलईडींचे चौकोनी दिवे किंवा सात इंची छोटे बार. जोडी साधारण हजाराच्या आतबाहेर मिळते. यांच्यातही दोन जाती आहेत आणि निवड नेमकी इथेच चुकते. साधे रिफ्लेक्टरवाले दिवे म्हणजे लांब बारचेच तुकडे, कड नसलेले. दुसरे पुढे फुगीर भिंग असलेले प्रोजेक्टर. यांतले काही झोत वरून सरळ कापतात, काही फक्त तसे दिसतात. विकत घेण्याआधी तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर पाडून बघा. वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये जवळपास सरळ रेघ दिसली तरच रस्त्यासाठी घ्या. गोल डाग दिसला तर तो शिवारासाठी ठीक.

दिवा हातात घेऊन मागची बाजू बघा. उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या दाट आणि जाड हव्यात, वजन जाणवायला हवं. स्क्रू गंजणारे नकोत. काचेभोवतीचं रबर एकसंध हवं, कोपऱ्यात सिलिकॉनचा लपका दिसला तर पावसाळ्यात आत दव साचणार.

फॉग लॅम्प

हेला, ऊनो मिंडा, लुमॅक्स अशा कंपन्यांचे फॉग लॅम्प तिघांत सहसा महाग, जोडी दोन हजारांपासून पुढे. बंपरमध्ये कंपनीने जागा सोडली असेल तर फिटिंग सोपी जाते आणि पासिंगला प्रश्न येत नाही. झोत रुंद, चपटा, जमिनीलगत. लांबचं काही दिसत नाही, आणि त्यासाठी तो नसतोच. तो दाखवतो रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठड्याचा दगड. धुक्यात ताशी वीस-पंचवीसने घाट उतरताना एवढंच लागतं.

सपाटीवर मात्र तो अपुरा. गळीत हंगामात सांगली-कराड पट्ट्यात बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात समोर येतात, त्या लांबून दिसायला हव्यात. तिथे नीट केलेल्या हेडलाइटचा अप्पर, म्हणजे लांबचा झोतच, जास्त कामाचा. स्पॉटची जोडी लावायचीच असेल तर परवानगी घेऊन लावा आणि तिचा रिले अप्परच्या वायरवरून चालवा. डिपर मारला की जोडी आपोआप विझेल, वेगळं बटण शोधावं लागणार नाही.

पिवळा की पांढरा

पिवळा उजेड धुकं कापतो, असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा जवळपास सारखाच विखुरतात. फरक पडतो तो आपल्या डोळ्यांना. ६००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढऱ्यात निळा भाग जास्त असतो आणि परतून आलेली ती चकाकी डोळ्यांना खुपते. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा त्या मानाने सुसह्य. म्हणून मी पिवळाच घेईन, पण दिवा किती खाली आहे याला रंगापेक्षा जास्त महत्त्व देईन.

वायरिंगमध्ये काटकसर नको

१० अँपिअरचा दिवा १ चौरस मिलिमीटरच्या वायरवर जोडला आणि जाऊन-येऊन १० मीटर वायर लागली, तर पावणेदोन व्होल्ट वायरच खाते. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.७ व्होल्ट. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर (आतलं करंट सांभाळणारं सर्किट) व्होल्टेज घटलं की जास्त करंट ओढून उजेड सारखा ठेवतो, त्यामुळे बारीक वायर आणखी तापते. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, मग ४० अँपिअरचा रिले, आणि डॅशबोर्डच्या बटणावर फक्त रिलेचा करंट. हेडलाइटच्या वायरला टोचून जोडणी करून देणारा कारागीर असेल तर दुसरा शोधा. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशा टोचणीतूनही होऊ शकते.

माल उतरवताना मागे अंधार असतो, त्यासाठी हौद्याकडे तोंड करून १८ वॅटचा एक फ्लड पुरे. चालत्या गाडीत तो बंदच हवा.

दिवा कुठलाही घ्या, बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या आणि गाडीला लावण्याआधी घरी एक चाचणी करा. आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) लिहिलं असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास दिवा टिकायला हवा. बादली तेवढी खोल नसते, तरी चालेल. बॅटरीवर वीस मिनिटं चालवून बॉडी गरम होऊ द्या, बंद करून लगेच गार पाण्यात बुडवा. आतली हवा आकसते आणि कुठे फट असली तर पाणी ओढून घेते. सकाळी काचेच्या आत दव दिसलं, तर मुदत संपायच्या आत दुकानदाराकडे परत न्या.