जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवलंय, त्याचा रिव्ह्यू

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, रोजचं रनिंग हडपसर ते हिंजवडी, म्हणजे पुणेकरांना पुढचं सांगायला नको. पेट्रोल शंभरीपार आणि त्यात पंपावर साधं पेट्रोल म्हणजे आता ई२०च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. हे टार्गेट आधी २०३० चं होतं ते अलीकडे ओढून २०२५ लाच गाठलं, आणि आपल्या गाडीचं मॅन्युअल म्हणतंय ई१० पर्यंतच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश एनर्जी कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं तरी पडणारच. इथेनॉल उसापासूनही बनतं आणि गावाकडे आमचाही ऊस आहे म्हणून यावर जास्त बोलत नाही.

तर किट. सिक्वेन्शियल घेतलं, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं, दुसरं काही घेऊच नका. गाडी पेट्रोलवर स्टार्ट होते, इंजिन गरम झालं की आपोआप गॅसवर जाते, गेलेली कळतही नाही. शहरात एकदम मस्त. पण चार माणसं, एसी चालू आणि खंबाटकी घाट असं जमलं की पिकअप गेलेला स्पष्ट जाणवतो, तिथे मी सरळ स्विच दाबून पेट्रोलवर घेतो. पैशाचं म्हणाल तर एक किलो गॅस साधारण १.४ लिटर पेट्रोलचं काम करतो आणि किलोचा दरही पेट्रोलच्या लिटरपेक्षा कमी, मग फरक पडणारच ना.

डिकी मात्र गेली असं समजा. ६० लिटरची टाकी म्हणतात पण ते पाण्याचं माप, गॅस बसतो सात-आठ किलो, तोही पंपाला २०० बारच्या आसपास प्रेशर असेल तर. पाइपलाइनवरच्या पंपावर भरलेलं बरं, जिथे गॅस ट्रकने येतो तिथे ट्रक रिकामा होत आला की प्रेशर पडतं आणि अर्धा तास रांगेत उभं राहून टाकी अर्धीच भरते.

गॅरेजवाल्याचं नाव देत नाही. फिटिंग एक नंबर, पाइप नीट क्लॅम्प केलेले, कुठे लीक नाही. कागदाच्या बाबतीत मात्र आनंद. "आरसीचं नंतर बघू साहेब, काही होत नाही" हे ऐकून घेऊ नका, आरसीवर सीएनजीची नोंद आणि इन्शुरन्स कंपनीला कळवणं झाल्याशिवाय पूर्ण पेमेंट देऊच नका, उद्या ॲक्सिडेंट झाला तर क्लेम तिथेच अडकतो. मी मागे लागून लागून करून घेतलं. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी असते, प्लेटवरची तारीख उलटलेली असेल तर पंपावर गॅस देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

अजून एक, जे किट विकणारा कधीच सांगत नाही. गॅसवर आलो म्हणजे ई२० पासून सुटलो असं नाहीये, कारण टाकीतलं तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तर जास्तच. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली तर फ्युएल पंप जायची भीती, फुल ठेवली तर तेच जुनं पेट्रोल सडत बसतं. मी पाव टाकी ठेवतो, दर आठवड्याला थोडं अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालवतो आणि संपत आलं की ताजं टाकतो. रोजचं रनिंग पाच-दहा किलोमीटरच असेल तर मात्र किटचा खर्च लवकर निघणार नाही, पेट्रोलवरच चालू द्या.