भिंतीवरची तसबीर आणि आमची उधारी: नागपुरातील एका सल्लागार सेवेचा अनुभव

कळमना बाजारापासून थोड्या अंतरावर आमची तूर डाळीची मिल आहे. आजोबांनी ती काढली, बाबांनी वाढवली आणि गेली अकरा वर्षे ती मी चालवतो असे म्हणण्याची घरात पद्धत आहे, जरी मोठ्या रकमेच्या चेकवर सही अजून बाबांचीच लागते. मागच्या वर्षी मार्च ते मे असे तीन महिने आम्ही शहरातल्या एका व्यवस्थापन सल्लागार संस्थेची सेवा घेतली. शुल्क साडेचार लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. आमच्यासारखा कोणी व्यापारी किंवा लहान कारखानदार अशी सेवा घेण्याच्या विचारात असेल, तर त्याला नावापेक्षा या पैशांत नेमके काय मिळते आणि काय हातचे निसटते, हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आमचे दुखणे साधे होते. मिल बारा महिने चालत होती, डाळीचा उतारा चांगला होता, चुनी आणि टरफलसुद्धा पडून राहत नव्हते. तरीही नवी तूर बाजारात आली की नेमक्या त्याच दिवसांत आमची सीसी लिमिट, म्हणजे बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेली कर्जमर्यादा, संपलेली असे आणि डोळ्यांसमोरचा चांगला माल दुसरा उचलून नेई. नफा कागदावर दिसत होता, गल्ल्यात दिसत नव्हता. सीएंना विचारले तर ते ताळेबंद बरोबर असल्याचे सांगत, आणि तो खरोखर बरोबर होता.

संस्थेच्या संचालकांची पहिली भेट त्यांच्या केबिनमध्ये झाली. खुर्चीच्या मागे एका अमेरिकन गृहस्थांचे कृष्णधवल छायाचित्र लावलेले होते. मी विचारल्यावर संचालकांनी, हे मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार पेढीचे मार्विन बाऊर, आमच्या व्यवसायाचे आद्यपुरुष, असे सांगितले आणि पुढची वीस मिनिटे ते त्यांच्याविषयीच बोलत राहिले. बाबा शेजारी बसून घड्याळ पाहत होते. मला मात्र त्या माणसाविषयी कुतूहल वाटले आणि घरी आल्यावर मी बरेच वाचले. या सेवेची पारख मला करता आली ती त्या वाचनामुळेच, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

बाऊर १९०३ साली सिनसिनाटीत जन्मले आणि जानेवारी २००३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. हार्वर्डमधून त्यांनी १९२८ साली कायद्याची आणि १९३० साली व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली व क्लीव्हलंडच्या जोन्स डे या नामांकित वकिली पेढीत नोकरी धरली. तो जागतिक मंदीचा काळ होता. बुडालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांच्या समित्यांचे काम त्यांच्याकडे आले आणि अशा अकरा कंपन्या त्यांना आतून पाहायला मिळाल्या. त्यांच्या ध्यानात आले ते असे, की कंपनी कुठे गळते आहे हे खालच्या माणसांना बहुतेक वेळा ठाऊक होते; ते सर्वांत वरच्या साहेबापर्यंत पोचत नव्हते, कारण त्याला ते सांगण्याची हिंमत किंवा वाट कोणापाशी नव्हती. हे वाचताना मला आमची मिल आठवली नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. दुसऱ्यांच्या बुडालेल्या कंपन्यांविषयी वाचत आहोत, असेच मला वाटत होते.

१९३३ साली बाऊर मॅकिन्झीच्या न्यूयॉर्क कार्यालयात दाखल झाले. पेढीचे संस्थापक जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९२६ साली सुरू केलेल्या पेढीच्या पाटीवर तेव्हा ‘हिशेबनीस आणि व्यवस्थापन अभियंते’ अशा अर्थाचे शब्द होते. १९३७ साली मॅकिन्झी अचानक वारले, दोन वर्षांत पेढीची वाटणी झाली, शिकागोचे कार्यालय अँड्र्यू कर्नी यांच्याकडे गेले आणि न्यूयॉर्कची बाजू बाऊर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. या वेळी स्वतःचे नाव पाटीवर लावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी दिवंगत माणसाचेच नाव कायम ठेवले, कारण पाटीवर बाऊर असते तर प्रत्येक ग्राहकाने कामाला खुद्द बाऊरच हवेत असा हट्ट धरला असता. आमच्या इतवारीत तीन पिढ्यांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाने चालणाऱ्या पेढ्या आहेत, पण त्यामागे बहुधा श्रद्धा असते. बाऊर यांच्या निर्णयात मला व्यवहार दिसतो.

१९५० ते १९६७ अशी सतरा वर्षे त्यांनी पेढीची सूत्रे सांभाळली. सल्ला देणे हा धंदा न राहता वकिली किंवा वैद्यकीसारखा व्यवसाय व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. ग्राहकाचे हित पेढीच्या मिळकतीच्या आधी, ग्राहकाचे गुपित बाहेर जाणार नाही, जिथे आपला खरा उपयोग नाही ते काम घ्यायचे नाही, आणि कटू असले तरी सत्य सांगायचे, ही त्यांची शिस्त होती. माणसांनी हॅट घालावी आणि पायमोजे लांब असावेत इथपर्यंत त्यांचा कटाक्ष पोचत असे, जो मला अतिरेकी वाटतो. पण १९६३ साली, साठीला आल्यावर, त्यांनी आपले भागभांडवल पुस्तकी किमतीला पेढीला परत विकले. बाजारात त्याचे कितीतरी पट पैसे आले असते. पेढी पुढच्या भागीदारांच्या हाती राहावी, एवढ्यासाठी हा माणूस आपल्या आयुष्यभराच्या कमाईचा मोठा भाग सोडतो, हे मी बाबांना वाचून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत.

आता सेवेकडे वळतो. पहिल्या भेटीनंतर संचालक शेवटच्या दिवशीच दिसले. मधल्या काळात आले ते पंचविशीतले दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही नुकतेच एमबीए झालेले. बाबा संतापले. ज्यांनी कधी बारदाना उचलला नाही, तुरीला तेल-पाणी लावून अंगणात वाळवणे म्हणजे काय हे पाहिले नाही, ते आम्हाला काय शिकवणार, असा त्यांचा सवाल होता. अनुभवी, पिकल्या केसांच्या माणसांऐवजी व्यवस्थापन शाळांतून नुकतीच बाहेर पडलेली हुशार मुले घेण्याची प्रथा मॅकिन्झीत बाऊर यांच्याच कारकिर्दीत, १९५० च्या दशकात रुजली, आणि आज जगभरच्या सल्लागार पेढ्या त्याच वाटेने जातात. मी बाबांना त्यापेक्षा जवळचे उदाहरण दिले. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल उभारली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली, तेव्हा व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडलेले बेझनजी मेहता हे रेल्वेतले गृहस्थ होते, त्यांना सूतगिरणीचा काडीचाही अनुभव नव्हता. बाबांचे वडील एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावत असत, त्यामुळे या उदाहरणापुढे त्यांना गप्प बसावे लागले.

त्या मुलाने हमालांच्या ट्रक भरण्याच्या वेळा मोजल्या, वजनकाट्यावरच्या रांगेचा तक्ता केला आणि रिकाम्या बारदान्याची जागा बदलायला सांगितली. त्याने रोजचा सुमारे पाऊण तास वाचला. काम नीटनेटके होते, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मुलगी उधारीच्या मागे लागली. नऊ दिवस ती आमच्या दिवाणजींच्या टेबलाला टेबल लावून बसली, त्यांच्या डब्यातली भाकरी आणि झुणका खाल्ला, आणि टॅलीमधली सगळी खाती जुन्या-नव्या बिलांप्रमाणे लावून काढली. दहाव्या दिवशी दुपारी मी काचेच्या पलीकडे बसलो होतो, कूलरमुळे त्यांना वाटले असावे की मला ऐकू जात नाही. तिने तीन खाती दाखवून विचारले, ‘‘काका, ही तिन्ही दुकाने एकाच गाळ्यात आहेत का? पत्ता एकच दिसतो.’’ दिवाणजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कमरेच्या किल्लीने खालचा खण उघडून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लहानशी वही काढली आणि तिच्यापुढे सरकवली. ‘‘बाई, एकवीस वर्षांत हे मला कोणी विचारलंच नाही.’’

ती तीन खाती माझ्या मामांची होती; एक त्यांच्या नावावर आणि दोन मामेभावांच्या. प्रत्येक खाते उधारीच्या मर्यादेत, म्हणून ताळेबंदात काही खटकत नव्हते. एकत्र केल्यावर रक्कम ६२ लाखांवर जात होती आणि वसुलीला सरासरी पाच महिने लागत होते, जिथे इतर गिऱ्हाइकांचे पैसे दीड महिन्यात येत. नवी तूर घ्यायला जो पैसा कमी पडत होता तो इथे अडकलेला होता. दिवाणजींना ते ठाऊक होते, कदाचित आईलाही. मालकाच्या मेव्हण्याचे नाव मालकापुढे कोण काढणार? अकरा कंपन्यांचे जे मी वाचले होते, ते त्या लाल वहीत होते आणि ती वही माझ्या खुर्चीपासून आठ फुटांवर होती.

मुलीने अहवालाचा कच्चा मसुदा मला वाचायला दिला, त्यात हे एका सरळ वाक्यात लिहिलेले होते: नातेवाइकांच्या तीन फर्मकडील उधारी एकत्र धरून मर्यादा ठरवावी आणि ती मर्यादा ओलांडल्यास माल थांबवावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिलच्या कार्यालयात अंतिम सादरीकरण झाले. संचालक आले, ४६ स्लाइड दाखवल्या गेल्या, हमालांचा पाऊण तास अर्धा तास चालला. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आले तेव्हा त्याचे रूप ‘निवडक चॅनल भागीदारांच्या पतधोरणाचे टप्प्याटप्प्याने पुनरावलोकन’ असे झालेले होते. बाबांनी मान डोलावली. त्यांना त्यातून काहीच कळले नव्हते, आणि कळू नये अशीच त्या वाक्याची रचना होती. मुलगी लॅपटॉपकडे पाहत होती.

नंतर अंगणात, वाळत घातलेल्या तुरीच्या कडेला, मी संचालकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘भाऊ, घरची गोष्ट आहे, मोठे साहेब दुखावले असते. पुढच्या टप्प्यात हळूहळू घेऊ.’’ पुढचा टप्पा म्हणजे सहा लाखांचे सॉफ्टवेअर, जे त्यांच्याच एका भागीदार कंपनीकडून घ्यायचे होते. ज्या दोन गोष्टींना बाऊर यांनी जन्मभर विरोध केला, त्या दोन्ही त्यांची तसबीर लावणाऱ्या माणसाने एका दमात सांगितल्या. याला केवळ नागपूरचा दोष म्हणता येणार नाही. १९९४ ते २००३ या काळात खुद्द मॅकिन्झीचे प्रमुख असलेले, कोलकात्यात जन्मलेले रजत गुप्ता पुढे गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेच्या संचालक मंडळातली गुप्त माहिती बाहेर पोचवल्याच्या प्रकरणात २०१२ साली दोषी ठरले आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. गुपित राखण्याची शिस्त लावणारा आणि ती मोडणारा, दोघेही एकाच खुर्चीत बसून गेले.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन देईन, आणि ते तिन्ही त्या मुलीच्या नऊ दिवसांचे आहेत. साडेचार लाख वाया गेले असे मी म्हणत नाही, कारण दिवाणजींना तो प्रश्न मी किंवा आमच्या सीएंनी कधीच विचारला नसता. पण ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी करारात दोन अटी जरूर घालाव्यात. कच्चा मसुदा अंतिम अहवालाबरोबर मालकाच्या हाती यावा, आणि ज्या संस्थेचा सल्ला घेतला तिच्या ओळखीतून कोणतीही वस्तू किंवा सॉफ्टवेअर वर्षभर घेतले जाणार नाही असे आधीच लिहून घ्यावे. संचालक किती दिवस स्वतः येणार हेही विचारावे, अर्थात मला आता त्याचे फारसे महत्त्व वाटत नाही.

मसुद्यातले ते पान मीच बाबांना रविवारी सकाळी दाखवले. आठ दिवस घरात जेवताना कोणी बोलत नव्हते आणि मामा या वर्षी दिवाळीला आले नाहीत. तिन्ही खाती आता एका मर्यादेत आहेत आणि जानेवारीत आम्ही तूर रोखीने उचलली. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर पडून आहे. त्या मुलीने ती संस्था सोडली आणि ती पुण्याला गेली असे दिवाणजींनी सांगितले. त्यांना तिचा अधूनमधून फोन येतो, मला येत नाही.